जुना कागद पुरावा कसा होतो? महाविद्यालयाच्या अभिलेखागारातलं रोजचं काम

२०२३ च्या शेवटच्या महिन्यांत महाराष्ट्रभर जुनी दप्तरं उघडली गेली. मराठा आरक्षणाच्या मागणीतून नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू होतं आणि कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. शाळांची जनरल रजिस्टरं, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली कागद असं बरंच काही माळ्यांवरून आणि लोखंडी कपाटांतून खाली आलं. त्यातलं पुष्कळसं मोडी लिपीत होतं, त्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पणजोबांच्या नावासमोरचा एक शब्द चौथ्या पिढीच्या कामी येऊ शकतो, हे तेव्हा अनेक घरांना पहिल्यांदा कळलं.

पण तो शब्द ग्राह्य का धरला जातो? तोच शब्द, त्याच शाईत, सुट्या पानावर लिहून कुणी आणला तर अधिकारी त्याकडे बघणारही नाही. रजिस्टरातली नोंद मानली जाते, कारण तिच्या आधीची आणि नंतरची नोंद जागेवर असते. पानांना क्रमांक असतात, अक्षर त्या काळातल्या त्याच कारकुनाचं असतं, आणि ते रजिस्टर पहिल्या दिवसापासून त्याच शाळेच्या ताब्यात असतं. कागदाला वजन येतं ते शेजारच्या कागदांमुळे, आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला याचा हिशेब लागतो म्हणून. अभिलेखागारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं ते सगळं हे वजन टिकवण्यासाठी.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात हे काम करते. 'म्हणजे जुन्या फायली सांभाळता ना?' असं लोक विचारतात. सांभाळणं त्यात आहेच, पण तेवढ्यानं हे काम समजत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रंथालय आणि अभिलेखागार

नाशिकला वाचनाची आणि शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. तिचं हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांचं एचपीटी, १९२४ मध्ये सुरू झालं. त्या वेळी इथली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. पुणे विद्यापीठ आलं ते १९४९ मध्ये. शंभरीला आलेल्या किंवा शंभरी ओलांडलेल्या संस्था म्हणजे शंभर वर्षांचे कागद. त्यातला काही भाग मुंबईत, काही पुण्यात, काही संस्थेच्या कार्यालयात आणि काही निवृत्त प्राध्यापकांच्या घरी असणार. कुठला कागद आपल्याकडे नाही आणि तो कुठे असू शकतो, हे माहीत असणं हाही कामाचाच भाग.

ग्रंथालयातलं पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मिळते. १९३२ च्या कार्यकारी मंडळाच्या सभेचं इतिवृत्त एकदाच लिहिलेलं असतं. पुस्तकावर विषय छापलेला असतो, लेखकाचं नाव असतं. आवक-जावक रजिस्टरावर असं काही नसतं. ते ज्या टेबलावर लिहिलं गेलं, त्या टेबलाच्या कामातूनच त्याचा अर्थ लागतो. म्हणून पुस्तकांची विषयवार मांडणी इथे चालत नाही.

महाविद्यालयात जमणारे कागद तरी कोणते? प्रवेश रजिस्टर, हजेरीचे कॅटलॉग, फीच्या पावत्यांची बुकं, सभांची इतिवृत्तं, माहितीपत्रकं, वार्षिक अंक, गॅदरिंगचे फोटो, एनसीसीचे गट फोटो, वसतिगृहाच्या खानावळीचा हिशेब, डेड स्टॉक रजिस्टर, इमारतीचे नकाशे, प्राचार्यांचा पत्रव्यवहार, निवडणुकीच्या वेळी वाटलेली हँडबिलं. अलीकडे यात पेनड्राइव्ह आणि जुन्या सीडी आल्या आहेत. त्यांचा मामला सगळ्यात बिकट आहे, त्याबद्दल पुढे.

कागद कुठून आला

कार्यालय एखादी खोली रिकामी करतं आणि आठ-दहा गठ्ठे आमच्याकडे येतात. अशा वेळी हात लगेच गठ्ठ्याच्या गाठीकडे जातो. तो आवरायचा. आधी गठ्ठे जसे आले तसे त्यांचे फोटो काढायचे. कुठल्या खोलीतून, कुठल्या कपाटातून, कितव्या खणातून आले, ते कोण वापरत होतं, कुणी आणून दिलं, हे सगळं दाखलनोंद वहीत लिहायचं. ज्या सेवकानं ते वाहून आणले त्याला विचारायचं, कारण 'हे वरचे तीन गठ्ठे परीक्षा विभागाचे होते, खालचे मोडक सरांच्या टेबलाचे' अशी माहिती फक्त त्यालाच असते. (मोडक हे नाव मी इथे उदाहरणापुरतं घेतलं.)

शेतजमिनीचा व्यवहार करणाऱ्याला हे चटकन पटेल. सातबारा दाखवतो की जमीन आज कुणाची आहे, पण ती त्याच्याकडे कशी आली हे बघायला फेरफार काढावा लागतो, आणि फेरफाराची साखळी तुटली की वकील मान हलवतो. दाखलनोंद वही ही कागदांची फेरफार वही आहे.

या शिस्तीमागे दोन नियम आहेत आणि ते जगभर पाळले जातात. पहिला नियम: एका व्यक्तीचे किंवा एका विभागाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. फ्रान्सच्या गृहमंत्रालयानं १८४१ मध्ये एका परिपत्रकानं हा नियम घालून दिला. त्याआधी तिथे कागद विषयवार फोडून ठेवायची पद्धत होती. दुसरा नियम: ज्या क्रमानं ते वापरणाऱ्यानं लावले होते, तो क्रम मोडायचा नाही. प्राचार्यांनी एका विद्यार्थ्याच्या तक्रारीमागे लगेच बोर्डिंगच्या तांदळाचं बिल लावलं असेल, तर तो विसंगत वाटणारा शेजार तसाच ठेवायचा. कदाचित तक्रार तांदळाचीच असेल.

हा दुसरा नियम आजच्या महाविद्यालयांत सगळ्यात जास्त कधी मोडतो, तर नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेच्या तपासणीच्या तयारीत. मूल्यांकनासाठी पुरावे निकषवार लावायचे असतात. मग घाईच्या रात्री मूळ फायलींतून पत्रं, फोटो, अहवाल उपसून सात निकषांच्या नव्या, चकचकीत फायलींत जातात आणि समिती येऊन गेल्यावर ती परत जागेवर लावायला कुणाला वेळ नसतो. दहा वर्षांनी बघणाऱ्याला फाइल मिळते, पण हे पत्र कशाला उत्तर म्हणून लिहिलं होतं ते कळत नाही. उपाय साधा आहे: निकषाच्या फाइलीत झेरॉक्स लावायची, मूळ कागद हलवायचा नाही. ज्या ज्या महाविद्यालयात हा लेख पोचेल तिथल्या समन्वयकांना माझी ही एकच कळकळीची विनंती.

काय ठेवायचं, काय सोडायचं

सगळं ठेवता येत नाही. ही गोष्ट पचायला जड जाते, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्ही काहीच टाकत नाही. प्रत्यक्षात एखाद्या कार्यालयात तयार होणाऱ्या कागदांचा फार थोडा भाग कायमचा ठेवला जातो. एका परिपत्रकाच्या चाळीस प्रती, कोरे फॉर्म, तपासून झालेल्या हिशेबाच्या सुट्या चिठ्ठ्या जायलाच हव्यात. त्या गेल्या नाहीत तर त्यांच्या ढिगात इतिवृत्त सापडत नाही.

आपल्याकडे सरकारी कार्यालयांत वर्गवारी ठरलेली आहे. 'अ' वर्ग कायम, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा, 'क' पाच, आणि 'ड' एक वर्ष. महाविद्यालयांच्या कार्यालयांतही जुने अधीक्षक हीच भाषा बोलतात. ही वर्गवारी प्रशासनाच्या सोयीची आहे आणि त्या सोयीसाठी ती उत्तम आहे. अडचण अशी की 'ड'मध्ये जे जातं, त्यातच कधीकधी माणसांचं जगणं असतं. वसतिगृहातल्या मुलांनी पाणी येत नाही म्हणून दिलेला अर्ज एका वर्षात निकाली निघतो आणि रद्दीत जातो. पन्नास वर्षांनी नाशिकच्या पाणीपुरवठ्याचा किंवा बाहेरगावच्या मुलांच्या हालांचा अभ्यास करणाऱ्याला तोच अर्ज हवा असतो. नियामक मंडळाच्या ठरावात फक्त 'पाण्याची व्यवस्था करण्यात यावी' एवढंच असतं.

म्हणून रद्दीची यादी मंजुरीला जाण्याआधी ती अभिलेखागाराकडे यावी, एवढी एक पायरी संस्थेनं ठरवली पाहिजे. काही मालिका पूर्ण ठेवायच्या, काहींतून नमुना ठेवायचा, उदाहरणार्थ दर दहाव्या वर्षाच्या फीच्या पावत्या. उरलेलं सोडायचं आणि काय सोडलं त्याची यादी मात्र कायम ठेवायची. त्या यादीवर सही असते, तारीख असते. पुढे कुणी विचारलं की ही फाइल का नाही, तर उत्तर देता आलं पाहिजे.

हातानं करायचं काम

दिवसाची सुरुवात भिंतीवरच्या छोट्या मापकानं होते. तापमान आणि हवेतली आर्द्रता वहीत लिहायची. कागदाला साधारण वीस अंशांच्या आसपासचं तापमान आणि पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. पासष्टच्या वर आर्द्रता राहिली की बुरशी धरते. नाशिकची हवा दोन टोकांची. एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी की जुन्या पानांच्या कडा तुटतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर ओल लागते. नुसत्या उष्णतेपेक्षा हा वर-खाली होणारा फरक कागदाला जास्त थकवतो. पाण्यानं कागदाचे तंतू फुगतात, वाळल्यावर आकसतात, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. एसी लावून संध्याकाळी बंद करणं त्यामुळे न लावण्याहून वाईट. पंखा, झडपा, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवलेलं कपाट आणि पावसाळ्यात ओल शोषणारं यंत्र एवढ्यावर बरंच निभावतं.

पुराचं भान नाशिककराला वेगळं शिकवावं लागत नाही. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावर आपण पूर मोजतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आठवणीत आहेत. नदीपासून लांब असलेल्या इमारतीतही गच्चीचा पाइप तुंबतो आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यांवर पाणी उतरतं. म्हणून कागद तळमजल्यावर नकोत, थेट गच्चीखालीही नकोत, आणि सगळ्यात खालचा खण जमिनीपासून वीतभर वर हवा. कागद भिजलेच तर हातात साधारण अठ्ठेचाळीस तास असतात, त्यानंतर बुरशी सुरू होते. थोडे असतील तर टीपकागद घालून पंख्याखाली वाळवायचे, उन्हात नाही. खूप असतील तर गोठवायचे. गोठल्यावर बुरशी थांबते आणि मग सावकाश, थोडे थोडे काढून वाळवता येतात. नाशिक परिसरात शीतगृहं पुष्कळ आहेत, पण द्राक्षांच्या शीतगृहाचं तापमान शून्याच्या आसपास असतं, तेवढ्यानं भागत नाही. आइस्क्रीम ठेवतात तशी उणे अठरा अंशांची जागा लागते. तिच्या मालकाचा फोन नंबर पाऊस सुरू व्हायच्या आधी आपल्याकडे लिहिलेला हवा.

मग येतं साफसफाईचं काम. त्यात दिवसच्या दिवस जातात आणि ते दिसत नाही. गंजलेली टाचणी ओढून काढायची नसते; कागदाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून, टाचणी सैल करून काढायची. स्टेपलरच्या पिनांचंही तसंच. त्यांच्याजागी सुती दोरा किंवा घडीचा कागद. मऊ ब्रशनं मधून कडेकडे धूळ झाडायची. फायलींच्या बाहेरचं पिवळं पुठ्ठ्याचं कव्हर आम्लयुक्त असतं, त्याचं आम्ल आतल्या कागदात उतरतं, म्हणून आत आम्लविरहित कागदाचं वेष्टण घालायचं. कव्हरवर काही लिहिलं असेल तर कव्हरही ठेवायचं, पण वेगळ्या वेष्टणात.

जुना कागद नेहमीच जास्त जीर्ण असतो असं नाही. आमच्याकडे १९२०-३० च्या दशकांतली हिशेबाची रजिस्टरं आजही उलगडता येतात. चिंध्यांच्या लगद्याचा जाड कागद, त्यावर निळी-काळी शाई. ती शाई लोहयुक्त असते, कागदात मुरते आणि पाण्यानं सहसा पुसली जात नाही. उलट साठ-सत्तरच्या दशकांतले कित्येक वार्षिक अंक हात लावला की तुकडे पडतात, कारण स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं आणि तो कागद स्वतःच स्वतःला जाळत जातो. कार्बन कॉपीचा कागद तर पापडासारखा मोडतो म्हणून तो सरळ करण्याआधी थोडी दमट हवा द्यावी लागते.

दोन गोष्टींमुळे जुने कागद वाळवीपेक्षाही जास्त बिघडलेले मी पाहिले आहेत, आणि दोन्ही प्रेमापोटी केल्या जातात. एक सेलोटेप. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, गोंद कागदात उतरून तपकिरी डाग कायमचा राहतो. दुसरं लॅमिनेशन. उष्णता देऊन कागद प्लास्टिकला चिकटवला की तो परत सुटा करता येत नाही, आणि आतलं आम्ल आत कोंडलं जातं. फाटलेलं पान जोडायला आम्ही पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो. ती खळ पुढे कधी पाण्यानं सोडवता येते. जे केलं ते उलटवता आलं पाहिजे, हा दुरुस्तीचा पहिला निकष. आणि पांढऱ्या हातमोज्यांबद्दल: कागद हाताळताना त्यांची गरज नसते. मोज्यांत बोटांची जाणीव कमी होते आणि पान फाटतं. हात धुऊन कोरडे करून कामाला लागायचं. मोजे घालायचे ते फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना.

नावांचा गुंता

कागद नीट ठेवले तरी सापडले पाहिजेत, म्हणून यादी करायची. आधी मोठ्या पातळीवर: हे कुठल्या विभागाचे कागद, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, किती पेट्या, तो विभाग काय काम करायचा. मग फाइलींची यादी. प्रत्येक पानाची यादी करायला गेलं तर एका आयुष्यात एक कपाट होईल. विद्यार्थ्यांच्या नोंदींची मात्र नावनिशी सूची करावीच लागते, कारण रोजचे अर्ज तिथूनच सुटतात.

इथे मराठी नावांची रीत कसोटी बघते. जुनी रजिस्टरं इंग्रजीत, तीही कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. वसंत कधी 'व्ही'नं तर कधी 'डब्ल्यू'नं. गावाचं नाव आडनावाच्या जागी, आडनाव गावाच्या जागी. पण खरा गुंता मुलींच्या नावांचा. १९५० च्या आसपास प्रवेश घेतलेली एक मुलगी रजिस्टरात वडिलांच्या नावानं आहे. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदललं. आज तिची नात आजीच्या सासरच्या नावानं विचारते आणि रजिस्टरात त्या नावाची कुणी नाही. म्हणून सूचीत आम्ही 'हेही पाहा' अशी जोडनोंद करतो: माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि हे कुणी, कशाच्या आधारे सांगितलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. ज्या काळात मुलीनं कॉलेजला जाणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळातल्या या मुली केवळ नाव बदललं म्हणून नोंदीतून नाहीशा होऊ नयेत.

तारखांचंही पाहावं लागतं. घरगुती कागदांत शके लिहिलेलं असतं. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. एवढं विसरलं तर एक वर्ष चुकतं.

एक प्रश्न आला की काय होतं

आठवड्यातले बरेचसे अर्ज दाखल्यांचे असतात. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. समोरच्या माणसाची घालमेल दिसत असते. नोंद सापडली तर प्रमाणित प्रत मिळते; नाही सापडली तर कुठे कुठे पाहिलं ते सांगायचं आणि शाळेचं रजिस्टर कुठे असेल ते सुचवायचं. नोंदीत खाडाखोड असेल तर ती जशी आहे तशी प्रतीत दिसली पाहिजे. आपल्याला कितीही वाटलं तरी तिथे मदतीचा हात घालायचा नाही.

संशोधकांचे प्रश्न वेगळे. समजा एखादी अभ्यासक विचारते: २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात नाशिकच्या कॉलेजची मुलं होती का? याचं उत्तर देणारा एकच कागद असेल अशी अपेक्षा धरायची नाही. आधी त्या महिन्याचे हजेरीचे कॅटलॉग. गैरहजेरी वाढलेली दिसली तरी थांबायचं, कारण १२ मार्चला दांडीयात्राही निघाली होती आणि परीक्षा जवळ आलेल्या असू शकतात. मग दंडाच्या पावत्या. मग जावक रजिस्टर: प्राचार्यांनी कलेक्टरला किंवा पालकांना पत्रं पाठवली का? पत्राची प्रत हरवलेली असली तरी जावक क्रमांक, तारीख आणि एका ओळीतला विषय उरतो, आणि त्यावरून ते पत्र लिहिलं गेलं होतं एवढं तरी ठामपणे सांगता येतं. मग आवक रजिस्टरात त्याचं उत्तर. मग सभेचं इतिवृत्त, त्यात शिस्तीचा ठराव. मग वसतिगृहाची वही, कोण रात्री परत आलं नाही. कुणा घरची रोजनिशी मिळाली आणि त्यात २ मार्चची नोंद शके १८५१ ची असेल तर ती बरोबर आहे, कारण पाडवा अजून यायचा होता. १८५२ लिहिलं असेल तर ते नंतर आठवून लिहिलेलं असण्याची शक्यता धरायची.

वि. वा. शिरवाडकर एचपीटीचे विद्यार्थी होते आणि १९३२ मध्ये त्यांनी या सत्याग्रहात भाग घेतला, हे त्यांच्या चरित्रात येतं. नाव मोठं झालं की आठवण टिकते. त्या वर्गात बसलेल्या बाकीच्या मुलांबद्दल काही कळायचं असेल तर वाट या कॅटलॉगमधून आणि जावक रजिस्टरातूनच जाते. आणि या सगळ्या वह्या एकमेकींशी ताडून पाहता येतात, त्या तशा एकत्र आणि आपल्या क्रमात राहिल्या म्हणून. यांतली एकही वही 'महत्त्वाची' म्हणून कुणी कधी वेगळी काढली नसती.

आणि संशोधकाला सगळंच दाखवता येत नाही. हयात माणसांचे गुण, शिस्तभंगाची प्रकरणं, वैद्यकीय दाखले, जातीच्या नोंदी हे त्या माणसांचं खासगी आहे. माहिती अधिकार कायद्यातही खासगी माहितीला संरक्षण आहे आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीसाठी स्वतंत्र कायदा झाला आहे. कुठली मालिका किती वर्षं बंद ठेवायची हे आधी लेखी ठरवून ठेवावं, म्हणजे ओळखीपाळखीवर निर्णय होत नाहीत.

१९९८ ची सीडी

'स्कॅन करून टाका म्हणजे प्रश्न मिटला' असं फार ऐकू येतं. स्कॅनिंग हवंच. हाताळणी कमी होते, लांबच्या माणसाला पाहता येतं. तीनशे ते चारशे डीपीआयनं, न दाबलेल्या टिफ स्वरूपात मूळ प्रत, आणि वाचायला पीडीएफ. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. फाइल बदलली नाही ना हे पाहायला प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून संगणकानं काढलेला तपासणीचा आकडा, नोंदवून ठेवायचा आणि मधूनमधून ताडायचा. तरीही मूळ कागद टाकायचा नाही, कारण शाई, पानाचा पोत, शिवण, खोडलेल्या अक्षराचा दाब हे सगळं पुराव्यात धरलं जातं आणि ते चित्रात पुरतं येत नाही.

ज्याची कधी कागदी प्रतच नव्हती, त्याचं काय, हा प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. १९९० ते २०१० च्या दरम्यान महाविद्यालयांत मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप होत असे. त्या पद्धतीत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. आज ती फाइल फॉन्टशिवाय उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चुरा दिसतो. वार्षिक अंक पेजमेकरमध्ये लावलेला असेल तर ते सॉफ्टवेअरही आता सहज मिळत नाही, आणि मुळात सीडी वाचणारा ड्राइव्ह नव्या संगणकात नसतो. १९३५ चा अंक टेबलावर ठेवला की वाचता येतो. १९९८ ची सीडी वाचायला जुना संगणक, जुनं विंडोज, तोच फॉन्ट आणि तो कसा बसवायचा हे आठवणारा माणूस इतकं सगळं लागतं. आपण हे करतो असं: जुने फॉन्ट नावानिशी जपून ठेवायचे, फाइल त्यात उघडून फॉन्टसकट पीडीएफ करायची, मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलायचा आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासायचे, कारण रूपांतरात नेमकं तेच बिघडतं. ज्या अंकांची छापील प्रत आहे तिथे ती शेजारी ठेवून ताडायचं.

आणि २०२० नंतर सूचनाफलकाची जागा बरीचशी व्हॉट्सअॅपनं घेतली. परीक्षा पुढे गेली, वर्ग रद्द झाला, पुराचं पाणी आलं म्हणून सुट्टी दिली, हे सगळं गटावर येतं आणि फोन बदलला की जातं. पूर्वी शिपाई वर्गावर्गांत सूचना वही फिरवायचा आणि त्यावर प्राध्यापकांच्या सह्या असायच्या. ती वही आमच्याकडे आहे. आजच्या गटांतल्या अधिकृत सूचना महिन्याच्या शेवटी उतरवून, तारखेसह, कार्यालयाच्या सहीनं इथे जमा कराव्यात, असा ठराव प्रत्येक महाविद्यालयानं करायला हवा. सिंहस्थ जवळ आला आहे. विद्यार्थी स्वयंसेवकांच्या याद्या, वेळापत्रकं, फोटो आणि सूचना त्या त्या वेळीच गोळा झाल्या नाहीत तर पुढच्या सिंहस्थापर्यंत काही उरणार नाही.

तुमच्या घरात काही असेल तर

आई-वडिलांच्या किंवा आजोबांच्या कॉलेजचे कागद, बिल्ले, फोटो, वह्या, पत्रं घरी असतील आणि ते महाविद्यालयाला द्यावेत असं वाटत असेल, तर देण्याआधी ते आवरू नका. चांगले फोटो वेगळे, पत्रं वेगळी असं करू नका. ज्या पेटीत, ज्या क्रमानं आहेत तसेच येऊ द्या. वाळवी किंवा बुरशी दिसली तर मात्र आधी फोन करून सांगा, म्हणजे ते बाकीच्या कागदांपासून लांब ठेवायची तयारी करता येते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. फोटोच्या मागे लिहायचं तर बॉलपेन नको, मऊ पेन्सिल, कडेला, न दाबता: डावीकडून उजवीकडे नावं, अंदाजे साल, जागा. मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं माहीत असतील तर दोन्ही लिहा. आठवत नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजानं नाव घालू नका.

देताना दानपत्र करा. काय दिलं, कुणी दिलं, मालकी संस्थेकडे गेली की फक्त सांभाळायला दिलं, छापायला परवानगी आहे का, काही पत्रं ठराविक वर्षं बंद ठेवायची आहेत का, हे त्यात स्पष्ट असावं. संस्थेला नको असलेले कागद परत द्यायचे की सोडायचे तेही लिहून घ्या. एक सही केलेली प्रत तुमच्याकडे राहू द्या आणि तिच्यावर दाखलनोंद क्रमांक आहे ना, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या.